चेतक ते प्रचंड : हेलिकॉप्टर ‘आपले’ असते म्हणजे नेमके काय?

निवडणुका लागल्या की सोलापूर जिल्ह्यात एक ठरलेले काम सुरू होते. गावाबाहेरचे पडीक रान नाहीतर कॉलेजचे मैदान गाठायचे, त्यावर रोलर फिरवायचा, फक्कीने मोठे वर्तुळ आखून मधोमध ‘एच’ काढायचा आणि धूळ उडू नये म्हणून सकाळपासून टँकरने पाणी मारत राहायचे. गावाला टँकर दोन दिवसांआड आणि हेलिपॅडला दिवसातून चारदा, हा टोमणाही ठरलेला. मग अग्निशमनचा बंब येतो, रुग्णवाहिका येते, पोलीस दोर बांधतात. सभा कुणाचीही असो, घरघर ऐकू आली की अर्धी गर्दी मंडपातून उठून दोराकडे पळते.

हा झाला हौसेचा भाग. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने पात्र सोडले आणि माढा, करमाळा, मोहोळ भागातल्या वस्त्या पाण्याने वेढल्या, तेव्हा जो तो हेलिकॉप्टरचे नाव घेत होता. शेजारच्या परांडा तालुक्यात लष्कराच्या हेलिकॉप्टरने लोकांना बाहेर काढलेही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांचा अख्खा ताफा जमिनीवर बसवल्याची बातमी आली होती, आणि मार्चमध्ये ६२,७०० कोटी रुपयांच्या १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांची. या बातम्यांखाली लोक तेच तेच विचारत असतात. हे आपले आहे की बाहेरचे? आपले असेल तर इंजिन फ्रान्सचे कसे? आपल्याला हेलिकॉप्टर बनवता येते तर आमच्या सभेला येणारे परदेशी का?

उत्तरासाठी बंगळूरच्या एका कंपनीची गोष्ट सांगावी लागेल. ती सोलापूरकराने सांगणे रास्तच आहे, ते का हे लगेच कळेल.

सोलापूरचा माणूस, बंगळूरचा कारखाना

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. वालचंद कॉलेज म्हटले की आपल्याला परीक्षा आणि कॅन्टीन आठवते, पण ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे त्या माणसाने काय काय उभे केले हे सहसा कुणी सांगत नाही. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीची बोट इंग्रजांच्या नाकावर टिच्चून विलायतेला पाठवणाऱ्यांत ते होते. वालचंदनगरचा साखर कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, मोटारींची प्रीमियर कंपनी हा सगळा त्यांचाच पसारा.

१९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी गाठ पडली. पॉली चीनसाठी विमाने जोडण्याचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये जमते तर हिंदुस्थानात का नाही, हा वालचंदांचा हिशेब. इंग्रज सरकार आधी फारसे उत्सुक नव्हते. म्हैसूर संस्थानाने मात्र जागा दिली, पैसा घातला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान उडाले. जपान दाराशी आल्यावर सरकारला जाग आली आणि १९४२ मध्ये कारखाना सरकारने ताब्यात घेतला. वालचंदांचा संबंध तिथे संपला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी आणखी एक सरकारी विमान कंपनी तिच्यात विलीन झाली आणि आजचे नाव पडले, हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड. सगळे तिला एचएएल म्हणतात. नाशिकजवळ ओझरला मिग आणि सुखोई बनले ते याच कंपनीच्या कारखान्यात.

हेलिकॉप्टर मात्र या कंपनीकडे उशिरा आले. ते विमानापेक्षा अवघड का, हे आधी पाहू.

जागेवर फिरणारा पंख

विमानाला पंख असतात. विमान वेगाने पुढे धावते, पंखांवरून हवा वाहते आणि पंख वर उचलले जातात. म्हणजे हवा मिळवायला धावपट्टीवर पळावे लागते. हेलिकॉप्टरने ही पळापळ काढून टाकली. विमान पळवण्याऐवजी पंखच गोल फिरवायचा. वर फिरणारी लांब पाती हे खरे तर पंखच आहेत, आणि पाती धरून फिरणाऱ्या त्या सगळ्या जोडणीला रोटर म्हणतात. मुख्य रोटर एका दिशेने फिरला की खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला आवर घालायला शेपटीवर छोटा उभा रोटर असतो.

इथवर सोपे आहे. पण वर उचललेल्या या यंत्राला पुढे, मागे, डावी-उजवीकडे न्यायचे कसे? पाती तर एकाच वेगाने गरगरत असतात.

यासाठी सोलापूरकराने चादरीचा माग आठवावा. मागाच्या वर जॅकार्ड असतो, त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत राहते. धोटा एकदा आरपार गेला की पुढचा पुठ्ठा ठरवतो, या खेपेला कोणते धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे. माग एकाच लयीत धडधडत असतो, पण दर खेपेला वेगळे धागे उचलले गेल्यामुळे चादरीवर मोर उमटतो. हेलिकॉप्टरमध्ये हेच काम स्वॉशप्लेट नावाचा भाग करतो. रोटरच्या दांड्याभोवती एकावर एक दोन चकत्या असतात. खालची फिरत नाही, वरची पात्यांबरोबर फिरते, मधे बेअरिंग. वरच्या चकतीपासून प्रत्येक पात्याला एकेक छोटा दांडा गेलेला असतो. वैमानिकाने हातातली दांडी पुढे रेटली की दोन्ही चकत्या तिरप्या होतात. आता प्रत्येक पाते फेऱ्याच्या एका ठिकाणी आले की त्याचा कोन वाढतो आणि समोरच्या बाजूला गेले की कमी होतो. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून सगळा रोटर कलतो आणि हेलिकॉप्टर त्या दिशेने निघते.

आता जरा आकडे बघा. ध्रुवएवढ्या हेलिकॉप्टरचा रोटर मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. प्रत्येक पात्याचा कोन सेकंदाला पाच वेळा वाढतो आणि पाच वेळा घटतो. तासाला अठरा हजार वेळा. हजार तास उड्डाण झाले की एक कोटी ऐंशी लाख वेळा तोच ताण त्याच दांड्यांवर, त्याच चकत्यांवर. तार वाकवून-वाकवून तोडतो तसा हा धातूचा थकवा. बाहेरून काही दिसत नाही, आत बारीक चीर वाढत असते. म्हणून हेलिकॉप्टरचे कित्येक भाग चांगले दिसत असले तरी ठरलेले तास भरले की काढून टाकावे लागतात. स्वॉशप्लेट हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मे महिन्यातले सोलापूर आणि उंच डोंगर

रोटर उचलतो ते हवेच्या जोरावर, तेव्हा हवाच विरळ असेल तर उचल कमी. उंचीवर हवा विरळ होते हे शाळेत शिकवतात. उष्णतेनेही ती विरळ होते, हे मात्र विसरायला होते.

सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या जरा खाली. मे महिन्यात दुपारी पारा ४३ वर गेला की इथली हवा इतकी पातळ होते की हेलिकॉप्टरच्या दृष्टीने आपण सोळाशे मीटर उंचीवर असतो, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. डिसेंबरच्या गार सकाळपेक्षा ती साधारण नऊ टक्के पातळ. सव्वादोन टनाच्या हेलिकॉप्टरला नऊ टक्के म्हणजे ढोबळ हिशेबाने दोनशे किलो. उन्हाळ्यातल्या निवडणुकीत वैमानिक साहेबांच्या मागच्या दोघा कार्यकर्त्यांकडे बघून नकारार्थी मान हलवतो, त्याचे कारण हे. कार्यकर्त्याला तो मानापमान वाटतो, पण वैमानिकाच्या डोक्यात निव्वळ वजाबाकी चाललेली असते.

हीच वजाबाकी सियाचिनला नेली तर? सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या जेमतेम ५४ टक्के उरते. रोटरची उचल तर घटतेच, इंजिनालाही श्वास पुरत नाही. जगातल्या बहुतेक हेलिकॉप्टर कंपन्यांनी यंत्रे बेतली ती समुद्रावरच्या, जंगलातल्या आणि शहरातल्या कामांसाठी. त्या उंचीवर रोज रसद पोहोचवण्याची पाळी भारतीय लष्करासारखी फार थोड्यांवर आली. एचएएलच्या हेलिकॉप्टरांचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

चेतक : करायला शिकलो, ठरवायला नाही

हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर आले १९५४ मध्ये, अमेरिकी सिकोर्स्की एस-५५. देशात बनवायचे ठरले तेव्हा नजर फ्रान्सकडे गेली. सूद एव्हिएशन या कंपनीचे ‘अलुएत-३’ १९५९ मध्ये पहिल्यांदा उडाले होते. सात माणसांचे, एका इंजिनाचे, तीन पात्यांचे. १९६० मध्ये ते सात जणांना घेऊन आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर उतरले, आणि हिमालय राखणाऱ्या देशाला याहून चांगली जाहिरात नको होती. १९६२ मध्ये करार झाला, १९६५ मध्ये बंगळूरचे पहिले यंत्र बाहेर पडले. त्याचे नाव चेतक, राणा प्रतापांच्या घोड्यावरून. पुढे तीनशेहून जास्त चेतक बनले आणि साठ वर्षांनंतरही काही सेवेत आहेत. म्हातारा घोडा म्हणून हिणवणारेही त्यातच बसतात.

परवान्यावर बनवणे म्हणजे काय, हे इथे समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात सगळे भाग पेट्यांतून येतात, आपण जोडायचे. मग मोठे जोड आपण तयार करायचे. शेवटी कच्च्या धातूपासून बरेचसे भाग इथेच घडवायचे. कामगार तयार होतात, यंत्रे येतात, तपासणीची शिस्त लागते. ही कमाई छोटी नाही. पण पात्याची जाडी इतकीच का, हा दांडा याच धातूचा का, आधी कोणता आकार करून पाहिला आणि तो का फसला, याची वही फ्रान्समध्येच राहते. आपल्याकडे येतो तो निकाल. त्यात केसाएवढा बदल करायचा तर विचारावे लागते.

एचएएलला आराखडा करणेच येत नव्हते असे नाही. कोल्हापूरकडचे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्येच उडाले होते. हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र हात घालायला पुढची तीन दशके गेली. हे फार उशिरा झाले असे माझे मत आहे. शेकडो चेतक बनवताना समांतर एखादे छोटे स्वतःचे हेलिकॉप्टर आखायला हवे होते.

चीता : आपल्या मागणीवरून, त्यांच्या आराखड्यातून

१९६८ च्या सुमारास भारताने फ्रेंचांना सांगितले, आणखी उंच जाणारे हवे. त्यांनी शक्कल लढवली. जुन्या अलुएत-२ चा हलका, उघडा सांगाडा घेतला आणि त्यावर अलुएत-३ चे दणकट इंजिन व रोटर बसवले. फ्रान्समध्ये त्याला ‘लामा’ म्हणतात, आपल्याकडे ‘चीता’. शेपटीच्या जागी नुसता लोखंडी जाळीदार सांगाडा दिसतो ते हे. दिसायला अर्धवट बांधल्यासारखे, पण त्या जाळीतच वजन वाचले आहे.

२१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरवर नेले, एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर वर. त्या वेळचा तो जागतिक विक्रम. तिथल्या थंडीत इंजिन विझले आणि पुन्हा पेटेना. बुले तसाच, इंजिनाविना, खालपर्यंत सुखरूप आला.

‘इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे पडते’ असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. त्यांच्यासाठी ही हकिकत. इंजिन थांबले की वैमानिक लगेच पात्यांचा कोन उतरवतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागते, खालून वर येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की पात्यांचा कोन एकदम वाढवायचा. साठवलेली गती उचलीत बदलते आणि यंत्र अलगद टेकते. मात्र हाताशी उंची किंवा वेग हवा, खाली मोकळी जागा हवी, आणि पाती व त्यांचा ताबा शाबूत हवा. यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. इंजिन गेले तर वाट आहे, स्वॉशप्लेट गेली तर नाही.

एप्रिल १९८४ मध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू होऊन लष्कर सियाचिनवर गेले ते कायमचे. तिथल्या सर्वांत उंच चौक्यांवर चीता एका फेरीत रॉकेलचा एखादा कॅन, थोडी भाजी, टपाल एवढेच नेऊ शकतो. परतताना आजारी जवान घ्यायचा असेल तर जाताना तेवढे इंधनही कमी भरून जायचे. इंजिन बंद करायचे नाही, कारण त्या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री कोण देणार?

आणि गंमत म्हणजे आपल्या सभांना येणाऱ्या हेलिकॉप्टरांपैकी बरीचशी याच चीत्याची चुलत भावंडे. सूद एव्हिएशन पुढे एरोस्पासियाल झाली, मग युरोकॉप्टर, आज एअरबस हेलिकॉप्टर्स. तिने लामाच्या जागी आणलेले छोटे हेलिकॉप्टर म्हणजे आजचे एच-१२५. याच घराण्यातले एक यंत्र २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकले होते.

ध्रुव : पहिल्यांदा वही आपली

१९८४ मध्ये एचएएलने जर्मनीच्या मेसरश्मिट-बोल्को-ब्लोम या कंपनीला सल्लागार म्हणून घेतले आणि साडेपाच टनाचे, दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर आखायला घेतले. हा परवाना नव्हता. जर्मन शिकवणार, आराखड्याचे मालक आपण. त्या जर्मन कंपनीची खासियत होती बिजागऱ्या नसलेला रोटर. जुन्या हेलिकॉप्टरांत प्रत्येक पाते बिजागरीवर वर-खाली हलते. इथे पात्याचा बुंधाच लवचीक तंतुमय पदार्थाचा, तोच वाकतो. जोड कमी, वैमानिकाच्या हाताला यंत्र झटपट दाद देते. २००३ पासून ‘सारंग’ पथक आकाशात कसरती दाखवते त्या या रोटरच्या बळावर.

ध्रुव पहिल्यांदा उडाले २० ऑगस्ट १९९२ रोजी. सैन्याच्या हाती पडायला मात्र २००१-०२ उजाडले. मधल्या काळात पैशाची चणचण होती, घेणाऱ्यांच्या मागण्या बदलत गेल्या, आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातल्यावर एका आवृत्तीसाठी ठरलेले अमेरिकी इंजिन हातचे गेले. तरी आजवर तीनशेहून जास्त ध्रुव सैन्यदलांकडे गेले. भूदल, हवाई दल, नौदल, तटरक्षक दल, सगळे ते वापरतात.

‘मग ते पडतात का?’

हा प्रश्न टाळून चालणार नाही. इक्वेडोरने सात ध्रुव घेतले, त्यांतले चार कोसळले, आणि २०१५ मध्ये त्या देशाने करारच मोडला. काही अपघात वैमानिकांच्या चुकीचे, काहींत यंत्राचा दोष, असे तेव्हा समोर आले. परदेशी बाजारात एचएएलची पत गेली ती गेलीच. २०२३ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने तीन ध्रुव अडचणीत आले. त्यानंतर ताबा राखणाऱ्या यंत्रणेतले ॲल्युमिनियमचे दांडे काढून पोलादी बसवायचे ठरले.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि तिघे मृत्युमुखी पडले. तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचे दिसले. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला भाग तो हाच. ताफाच्या ताफा खाली बसवला गेला. भूदल आणि हवाई दलाच्या ध्रुवांना उडायची परवानगी मिळाली ती मेच्या सुरुवातीला, सागरी आवृत्तीला आणखी थांबावे लागले. जवळपास चार महिने उंच चौक्यांवरची कामे पुन्हा जुन्या चीत्यांच्या आणि भाड्याच्या हेलिकॉप्टरांच्या भरवशावर.

यावरून दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, ‘आपल्याला जमत नाही, बाहेरून घ्या’. दुसरे, ‘अपघात सगळ्यांचेच होतात, बदनामी नको’. मला दोन्ही पटत नाहीत. दांडा पोलादी करायचा निर्णय बंगळूरला झाला, फ्रान्सला पत्र लिहून वाट पाहावी लागली नाही, हा वही आपली असल्याचा थेट फायदा. पण वही आपली म्हणजे चुकीची जबाबदारीही पूर्ण आपली. आराखडा करणारी, बनवणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी एकच असते तेव्हा तपास तिऱ्हाईताने करायला हवा आणि त्याचे निष्कर्ष लोकांसमोर यायला हवेत. इथे आपण ढिले आहोत. तपासाचे तुकडे सूत्रांच्या हवाल्याने छापून येतात, अहवाल क्वचितच.

‘इंजिन फ्रान्सचे, मग स्वदेशी कसले?’

आजच्या ध्रुवचे ‘शक्ती’ इंजिन एचएएल आणि फ्रान्सची टर्बोमेका, म्हणजे आताची साफ्रान, यांनी मिळून विकसित केले. ते बनते बंगळूरला, पण त्यातल्या सगळ्यांत तापणाऱ्या भागांचे ज्ञान फ्रेंचांकडे जास्त आहे. इंजिनाच्या आत पांढऱ्याफटक तापलेल्या वायूत फिरणारी पाती वितळू न देणे ही जगात मोजक्याच कंपन्यांना साधलेली विद्या. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या अमेरिकी आणि युरोपी कंपन्याही बहुधा इंजिन दुसऱ्याकडूनच घेतात. तेव्हा इंजिन विकत घेतले म्हणून हेलिकॉप्टर परके होत नाही. मात्र ते इंजिन कुणी अडवू शकतो का, हा प्रश्न खरा आहे, आणि १९९८ ने त्याचे उत्तर दिलेले आहे.

म्हणून बातमीत ‘इतके टक्के स्वदेशी’ असा आकडा आला की मी तो बाजूला ठेवतो. विचारायचे ते हे : उद्या सियाचिनसाठी पाते बदलायचे झाले तर कुणाची परवानगी लागेल? टाटा आणि एअरबस मिळून एच-१२५ ची जोडणी कर्नाटकात वेमगलला करणार आहेत. रोजगार आणि कौशल्य म्हणून ते स्वागतार्हच, पण त्या यंत्राची वही फ्रान्सलाच राहील. ध्रुवमध्ये कदाचित परदेशी भाग जास्त निघतील, तरी वही बंगळूरला आहे.

कारगिलमधून आलेले प्रचंड

२८ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये हवाई दलाचे एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले गेले. ते मुळात माल आणि माणसे वाहणारे यंत्र, त्यावर रॉकेट लावून लढाईत उतरवले होते. लढण्यासाठीच बनवलेली रशियन हेलिकॉप्टरे आपल्याकडे होती, पण त्या उंचीवर ती निकामी ठरली.

दुसऱ्या कुणाला ही अडचण नव्हती, त्यामुळे बाजारात उत्तरही नव्हते. २००६ मध्ये एचएएलने हलके लढाऊ हेलिकॉप्टर हाती घेतल्याचे जाहीर केले. इथे ध्रुव कामी आले. तोच रोटर, तीच शक्ती इंजिने, तीच गिअरपेटी. फक्त शरीर अरुंद, दोन वैमानिक एकामागे एक, नाकाखाली २० मिलिमीटरची तोफ. २९ मार्च २०१० रोजी ते उडाले, आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूरला ‘प्रचंड’ या नावाने हवाई दलात आले. पाच हजार मीटर उंचीवर उतरून पुन्हा शस्त्रांसह उडू शकणारे हे जगातले एकमेव लढाऊ हेलिकॉप्टर म्हणून ओळखले जाते. आपण अमेरिकी अपाचीही घेतली आहेत. ती जबरदस्त आहेत, पण दहा टनांची, आणि त्या उंचीवर उतरण्यासाठी बेतलेली नाहीत.

२८ मार्च २०२५ च्या करारात १५६ प्रचंड आहेत, ९० भूदलाला आणि ६६ हवाई दलाला. भागाकार केला तर नगामागे चारशे कोटी. त्यात प्रशिक्षण आणि बाकीचे साहित्य धरलेले आहे, तरीही रक्कम डोळे फिरवणारी आहे. आणि पहिल्या उड्डाणापासून मोठ्या मागणीपर्यंत पंधरा वर्षे गेली, हेही विसरू नये. चीत्याची जागा घ्यायला बनवलेले तीन टनाचे हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये उडाले, त्यासाठी तुमकुरूजवळ ६१५ एकरांवर कारखाना उभा राहिला, फेब्रुवारी २०२३ मध्ये उद्घाटनही झाले. तरी सियाचिनवर आज चीताच घिरट्या घालतो आहे. एचएएलला आराखडा जमतो, वेळ पाळणे जमत नाही, असे म्हणायला जागा आहे.

‘मग आमच्याकडे ध्रुव का येत नाही?’

सोलापूरकराच्या मनात याचा जोडप्रश्नही असतो. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून इतकी वर्षे वाद झाला, २०२३ मध्ये ती पाडली, विमान यायला २०२५ उजाडले. हेलिकॉप्टरला ना धावपट्टी लागते ना चिमणीची अडचण, तर मधल्या काळात मुंबईला हेलिकॉप्टर सेवा का नाही दिली?

पैशापायी. विमानाचे वजन पंख पेलतात आणि इंजिनाने फक्त पुढे ढकलायचे असते. हेलिकॉप्टरमध्ये वजन पेलायचे आणि पुढेही न्यायचे, दोन्ही ओझी इंजिनावर. छोटे हेलिकॉप्टर पाच-सहा जणांना घेऊन ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरने जाते. सोलापूर-मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दीड तास. गोव्याला जाणारे एटीआर विमान सत्तरेक जणांना त्याच्या दुप्पट वेगाने नेते. शिवाय मघाचा हिशेब, तास भरले की चांगले दिसणारे भागही फेकायचे. तो खर्च पाच तिकिटांवर वाटला तर तिकीट कुणाला परवडेल? पुरातून माणूस उचलायचा असतो किंवा एका दिवसात चार सभा गाठायच्या असतात तेव्हाच हे गणित बसते.

आणि ध्रुवच का नाही, तर एचएएलने आजवर मुख्यतः सैन्यासाठी बनवले. भाड्याने हेलिकॉप्टर चालवणारा माणूस आधी विचारतो, भाग बिघडला तर दुसरा किती दिवसांत मिळेल? एअरबस किंवा अमेरिकी बेल कंपनीचे उत्तर तयार असते. एचएएलचा पहिला ग्राहक सरकार, त्यामुळे तिथे रांगेत खासगी माणूस शेवटी. नागरी वापराचे प्रमाणपत्रही वेगळे लागते आणि त्याच्या कसोट्या वेगळ्या. आता ‘ध्रुव-एनजी’ ही नागरी आवृत्ती आली आहे, आणि पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीने ओएनजीसीच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करायला अशी चार घ्यायचे ठरवले आहे. खारा वारा, रोजच्या फेऱ्या आणि खोळंबा झाला तर दंड लावणारे गिऱ्हाईक. ध्रुवचे भाग वेळेवर मिळतात की नाही हे तिथे वर्षभरात कळेल, आणि आपल्याकडे भाड्याने हेलिकॉप्टर आणणारे तोवर एच-१२५ च आणत राहतील.